जमिनीखाली तेलाची तळी नसतात

वडोदऱ्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे: अंकलेश्वरच्या जमिनीखाली तेलाचे तळे होते, ते उपसून संपले आणि मागे राहिलेल्या पोकळीमुळे जमीन केव्हाही खचेल. कोयलीची रिफायनरी ज्या शहराला लागून आहे, तिथे तरी हे दावे पारखून न घेता पुढे पाठवले जाऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

आधी तळ्याचे पाहू. अंकलेश्वरला १९६० मध्ये लागलेले तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या इओसीन काळातल्या वालुकाश्मात, वाळूच्या कणांमधल्या फटींत भरलेले होते. ध्रांगध्र्याच्या वालुकाश्माचा ताजा फोडलेला तुकडा घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. वरून सलग दिसणाऱ्या दगडात तो हळूहळू जिरतो, आणि भिंगाखाली कणन् कण सुटा दिसू लागतो. चांगल्या साठ्यातही या फटी खडकाच्या आकारमानाच्या साधारण १५ ते ३० टक्केच असतात. कण गोल आणि एकसारखे असतील, तर ते बारीक आहेत की जाड यावर फटींचे एकूण प्रमाण ठरत नाही. परंतु बारीक कणांमधल्या वाटा अरुंद असल्यामुळे तेलाचा प्रवाह अडतो, म्हणूनच सच्छिद्रता, म्हणजे फटींचे प्रमाण, आणि पार्यता, म्हणजे त्यांतून द्रव किती सहज वाहतो ते, वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. त्यातच फटींत चिकणमाती किंवा कॅल्साइट हे चुन्याचे खनिज साचले, तर वाळूचा जाड थर लागूनही विहीर वाहत नाही. आणि वर शेल या चिकणमातीच्या खडकाचे घट्ट झाकण नसते, तर हलके तेल केव्हाच वर निसटून गेले असते.

‘संपले’ हा शब्दही चुकीचा आहे. दाब उतरला की उत्पादन घटते, आणि अरुंद फटींत अडकलेले थेंब केशाकर्षणामुळे, म्हणजे बारीक वाटांत द्रवाला धरून ठेवणाऱ्या ओढीमुळे, जागचे हलत नाहीत; पाणी सोडून रेटा दिल्यानंतरही अनेक वालुकाश्मी साठ्यांत निम्म्याहून अधिक तेल खालीच राहते.

पोकळीची भीती मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. तेल निघाले तरी कणांचा सांगाडा जागेवर राहतो आणि फटींत पाणी शिरते. पण वाळू भुसभुशीत असेल आणि दाब फार उतरू दिला, तर वरच्या भाराने थर दबतात. कॅलिफोर्नियातल्या विल्मिंग्टन क्षेत्रावरची जमीन अशीच सुमारे ९ मीटर खचली होती, आणि साठ्यात पाणी भरून दाब सावरल्यावर ते खचणे थांबले. अंकलेश्वरच्या वालुकाश्मातही दाब टिकवण्यासाठी अनेक दशके पाणी सोडले गेले आहे.