सोपाऱ्यात बुद्ध–अशोक भेट? खुलासा

वसई-नालासोपाऱ्याच्या ग्रुपांवर सध्या फिरतंय : ‘सम्राट अशोकाने सोपारा बंदरात गौतम बुद्धांची भेट घेऊन दीक्षा घेतली, त्याचा शिलालेख स्तूपाजवळ आहे.’

ही भेट शक्यच नव्हती. अशोकाची कारकीर्द इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातली. त्याच्या किमान शतकभर आधी बुद्धांचं महापरिनिर्वाण झालेलं. शिलालेख मात्र खरा. १८८२ साली पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींना इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. हा लेख राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी केलेल्या संबोधीच्या, म्हणजे बोधगयेच्या, यात्रेबद्दल आहे. शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्या, असं राजा सांगतो. सोपाऱ्यातल्या भेटीचा त्यात शब्द नाही.

गोंधळ बहुधा पूर्णाच्या कथेतून झाला असावा. सोपाऱ्याचा हा व्यापारी श्रावस्तीला जाऊन भिक्षू झाला. पुढे बुद्ध आकाशमार्गे इथे आले, असं बौद्ध कथा सांगते. श्रद्धा म्हणून ठीक. पण त्यातही अशोक कुठेच नाही!

१८८२ मध्येच ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणवणाऱ्या टेकाडात, म्हणजे स्तूपात, करंडक (पवित्र अवशेष ठेवायची डबी) सापडला. आत बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानलेले तुकडे होते, सोबत यज्ञ सातकर्णी या नंतरच्या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं. म्हणजे हा ठेवाही अशोकानंतर काही शतकांनी पुरलेला. आणि शिलालेख बघायला स्तूपापाशी जाऊ नका, तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.