उसनं पुस्तक कसं देऊ नये

ग्रंथपालाच्या खुर्चीत नुकतेच बसला असाल, तर आधी अभिनंदन. आता पहिलं संकट ओळखून ठेवा. ते दारातून येत नाही, ईमेलने येतं: ‘आपल्या संग्रहातील खालील ग्रंथ आंतरग्रंथालयीन देवघेव योजनेखाली 15 दिवसांसाठी मिळावा, ही विनंती.’ योजनेचं नाव देवघेव असलं, तरी यात ‘देव’ तुमच्या वाट्याला आणि ‘घेव’ त्यांच्या, हे नीट लक्षात घ्या. आणि गडबडून पुस्तक शोधायला उठू नका.

उदाहरणापुरतं असं धरू, की कोल्हापूरच्या एका पीएच.डी. करणाऱ्या मुलीला शके 1810मध्ये छापलेलं शेतकीवरचं मराठी पुस्तक हवं आहे आणि ते नागपुरात तुमच्या कपाटात आहे. खरं तर ते तुमच्याकडे आहे हे तिला कळलं, इथेच तुमची पहिली चूक झाली.

तालिका, म्हणजे ग्रंथांची सूची, नीट सांभाळली असती, तर ही वेळ आली नसती. नावात ‘ज्ञान’ हा शब्द असला, की रोमन लिपीत कोणी ‘ज्ञ’साठी डी-एन-वाय लिहितो, कोणी जे-एन, तर कोणी जी-वाय. तुम्ही यातलं काहीही लिहा, फक्त सगळीकडे सारखं लिहू नका. लेखकाची नोंद निम्म्या पुस्तकांना आडनावाखाली करा, निम्म्यांना पाळण्यातल्या नावाखाली. प्रकाशन वर्षाच्या रकान्यात मुखपृष्ठावरचा 1810 हा आकडा जसाच्या तसा उतरवा. शकात 78 मिळवले की इसवी सन 1888 येतं, ही बेरीज करण्याचा पगार तुम्हाला मिळत नाही. मग संघतालिकेत, म्हणजे अनेक ग्रंथालयांच्या एकत्रित सूचीत, ते पुस्तक पेशवाईतलं दिसेल, आणि शोधणारी ‘हे आपलं नव्हे’ म्हणून पुढे जाईल. जुन्या संगणकावर युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोंदी तर सोनंच. त्या न बदलता तशाच वर पाठवा. तिकडे पडद्यावर नुसता चिन्हांचा पाऊस पडतो, आणि ‘नोंदी पाठवल्या’ हे तुमचं विधान खरंही राहतं.

एवढं करूनही विनंती आलीच, तर अर्जाचं शास्त्र शिकून घ्या. ईमेल चालत नाही असं कळवा; मूळ प्रत टपालाने हवी. लेटरहेडवर हवी, जावक क्रमांकासह हवी. मार्गदर्शक, विभागप्रमुख, त्यांचे ग्रंथपाल आणि प्राचार्य अशा चौघांच्या सह्या हव्यात. नवशिके इथे एक घोळ करतात: सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवून मोकळे होतात. असं कधी करू नये. एका पत्रात एकच त्रुटी. आधी शिक्का अस्पष्ट आहे म्हणावं. तो सुधारून आला, की दाखलांक, म्हणजे पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, लिहिलेला नाही म्हणावं. (दाखलांक तुमच्याच रजिस्टरात असतो, तो कोल्हापूरकरांना कुठून कळणार, असं कोणी विचारत नाही.) तोही आला, की परतीच्या हमीपत्राची आठवण करून द्यावी. प्रत्येक फेरीला साधारण दहा-बारा दिवस जातात. तीन फेऱ्यांत तिच्या सहामाही अहवालाची तारीख उलटते आणि मागणी आपोआप मरते. तुम्ही मात्र एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नसतं.

शेजारणीला विरजण देताना आपल्याकडे कोणी हमीपत्र मागत नाही, हे खरं. पण विरजणाची साठा-पडताळणी होत नाही.

पडताळणीचं हे प्रकरण एकदा मुळातून समजून घ्या, कारण तुमची सगळी भीती तिथून येते. केंद्र सरकारच्या 2017च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत 215वा नियम ग्रंथालयांसाठी आहे. 20,000पर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी संपूर्ण मोजणी. 20,000 ते 50,000 असतील तर तीन वर्षांतून एकदा तरी. त्याहून जास्त असतील तर नमुना पडताळणी. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. त्याच नियमात पुढे असंही लिहिलेलं आहे, की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ झाले, तर ते नुकसान वाजवी समजावं, फक्त त्यात बेइमानी किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांवरचं पुस्तक किंवा दुर्मिळ ग्रंथ हरवला, तर मात्र चौकशी हवीच. हा पाचाचा आकडा चुकूनही मोठ्याने वाचू नका. कोणी दाखवलाच, तर ‘आपली संस्था केंद्र सरकारची नाही’ असं म्हणून विषय मिटवा. शिवाय हिशेब सरळ आहे: बाहेर गेलेलं पुस्तक हरवलं तर तुमच्या पगारातून वसुली. कपाटात पडून त्याला कसर लागली, तर तो निसर्गनियम. आणि ‘गेल्या वर्षी किती संशोधकांना रिकाम्या हाताने परत पाठवलंत?’ हा प्रश्न ऑडिटच्या कुठल्याच तक्त्यात नसतो.

मूळ पुस्तक नको, नुसत्या प्रती पाठवा, अशी तडजोड पुढे येईल. तेव्हा आवाज खाली आणून एकच शब्द उच्चारा: ‘कॉपीराइट’. समोरचा गार पडतो. 1957च्या कायद्याचं 52वं कलम उघडू नका, कारण संशोधनासह खासगी वापरासाठी न्याय्य प्रमाणात प्रत काढता येते असं तिथे स्वच्छ लिहिलेलं सापडेल. लेखक वारल्यावर 60 वर्षांनी हक्क संपतो, हेही आठवू नका. नाहीतर 1888मध्ये शेतकीवर लिहिणारा गृहस्थ 1965नंतरही हयात होता, असं तुम्हाला सिद्ध करावं लागेल.

तरी माघार घ्यावी लागलीच, तर स्कॅन अशा रीतीने करा की पुन्हा कोणी मागू नये. जाड बांधणीचं पुस्तक झेरॉक्सच्या काचेवर उताणं दाबा. शिवणीकडची दोन-तीन अक्षरं काळ्या पट्ट्यात जातात, म्हणजे प्रत्येक ओळीचा एक शब्द तिने ओळखून काढायचा. पाठीवरून पुस्तक तडकलं, तर ‘नाजूक अवस्था, प्रत काढता येत नाही’ असा शेरा मारायला कारणही मिळतं. पुस्तक नव्वद अंशांतच उघडं ठेवून, वरून कॅमेऱ्याने, 300 डीपीआयवर फोटो घेतले तर पानही वाचतं आणि ओळही, पण मग दुसऱ्याच दिवशी आणखी चार मागण्या येतील.

आता टपाल. स्वस्तातली बुक पोस्ट डिसेंबर 2024मध्ये बंद झाली, ही तुमच्या पथ्यावर पडलेली गोष्ट. खर्च कोणी सोसायचा, यावर निवांत दोन महिने जातात. दोनशे रुपयांसाठी डिमांड ड्राफ्टच मागा. यूपीआय स्वीकारायला आपल्याकडे लेखाशीर्ष नाही, असं लेखा विभागाकडून लेखी घेऊन ठेवा. बांधणीत रबरबँड अवश्य वापरा. उन्हाळ्यात तो वितळून पुठ्ठ्याला चिकटतो, आणि परत आल्यावर ‘बघा, पुस्तकाची काय दशा केली’ म्हणायला पुरावा तयार असतो. सपाट सुती फीत, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे, वर प्लास्टिक आणि मग पन्हळी खोका, असली बांधणी करणाऱ्यांची पुस्तकं सुखरूप परत येतात आणि त्यांना पुढच्या वेळी नाही म्हणायला तोंड राहत नाही.

सभासदत्वं मात्र सगळी घ्या. दिल्लीचं डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं 1988पासून याच देवघेवीच्या कामासाठी उभं आहे, विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या इन्फ्लिबनेटचं काम 1991मध्ये सुरू झालं. दोन्हींची प्रमाणपत्रं फ्रेम करून कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीला दिसतील अशी लावा. कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या एन-लिस्टचं शुल्क वेळेवर भरा, फक्त वापरकर्त्यांची यादी अपलोड करू नका, म्हणजे पासवर्ड कोणालाच जात नाहीत आणि नूतनीकरणाची पावती तेवढी फाइलला लागते.

‘आता एक राष्ट्र, एक सबस्क्रिप्शन आलं आहे, सगळं ऑनलाइन मिळतं,’ हे नवं हत्यारही परजून ठेवा. 25 नोव्हेंबर 2024ला केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये मंजूर केले, 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 नियतकालिकं 6,300हून अधिक सरकारी संस्थांना खुली झाली. आकडे भारदस्त आहेत, एका दमात म्हणून टाका. यात 1888चं शेतकीचं मराठी पुस्तक नाही, आणि खासगी संस्थेने चालवलेलं तिचं अनुदानित कॉलेज पहिल्या टप्प्यात बसत नाही, हे तिचं तिला कळेलच.

शेवटी ती स्वतः महाराष्ट्र एक्सप्रेसने निघते आणि एक रात्र गाडीत काढून तुमच्या दारात उभी राहते. घाबरू नका. ओळखपत्र, बोनाफाईड आणि शिफारसपत्र पाहा. एक ते दोन जेवणाची सुट्टी, साडेचारला कपाट बंद, मोबाइलने फोटो काढायला मनाई, पेनही बाहेर ठेवायचं. पुस्तक काढून देणारा शिपाई त्या दिवशी परीक्षेच्या ड्यूटीवर असला, तर उत्तम.

12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालायला विसरू नका. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा त्यांचा चौथा नियम भाषणात घ्या. 1931पासून तो टाळ्या घेतो आहे. फोटो प्रलंबित अर्जांच्या ट्रेच्या बरोबर वर लावलेला असतो, म्हणून हार थोडा आखूड घ्यावा. फुलं गळून अर्जांवर डाग पडतात.

मार्चअखेरीला देवघेवीचं रजिस्टर काढा. वर्षभरात एकही नोंद नसेल, तर पान कोरं सोडू नका; समितीला कोरं पान खटकतं. तारीख घाला, मधोमध ‘मागणी प्राप्त नाही’ असं लिहा, सही करा आणि वर गोल शिक्का उमटवा. शाई सुकेपर्यंत रजिस्टर मिटू नका, समोरच्या पानावर छाप उठते.