ओशोग्बोच्या देवराईतलं औषध

नायजेरियातल्या योरुबा लोकांत एक अभिवादन आहे, 'ए कु इशे'. हे काम करत असलेल्या माणसाला म्हणायचं. भिंत लिंपणारा गवंडी असो की रस्त्याकडेला कणसं भाजणारी बाई, त्यांच्याजवळून मुकाट्याने पुढे जाणं बरं दिसत नाही. मराठीत याला नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. माणसाला आपण रामराम करतो, तसा त्याच्या हातातल्या कामाला केलेला हा रामराम.

आज हे आठवायचं कारण म्हणजे एका मैत्रिणीने पाठवलेली जाहिरात. प्राचीन आफ्रिकन ज्ञानातून एकवीस दिवसांत आयुष्याचं प्रयोजन शोधा, मनाच्या जखमा बऱ्या करा, फी डॉलरमध्ये. खाली इफाच्या, म्हणजे योरुबांच्या कौल काढण्याच्या विद्येच्या, पाटाचा फोटो. "तू तिकडे राहून आलीस ना, खरं असतं का गं हे?" असं तिने विचारलं. ती स्वतः मोठ्या आजारातून उठते आहे, म्हणून दोन ओळींत उडवून लावावंसं वाटेना. लिहायला बसले आणि उत्तर लांबलं, तेव्हा इथेच टाकते.

२०१३ मध्ये मला फुप्फुसाचा क्षय झाला. सहा महिने रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या. लघवी नारिंगी व्हायची, जिभेला कशाची चव लागायची नाही. एकही दिवस चुकवला नाही. थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली, डॉक्टरांनी फाइल बंद केली. मी बरी झाले ती त्या गोळ्यांनी, आणि पुढे जे लिहिते आहे ते वाचून कुणीही आपली औषधं सोडू नयेत, हे आधीच सांगते.

पण फाइल बंद झाली तरी मी काही बरी नव्हते. ज्या शाळेत अकरा वर्षं चित्रकला शिकवली तिथे "मॅडम, अजून थोडी विश्रांती घ्या" असं म्हणता म्हणता माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्या. घरात बादली उचलली तरी कुणीतरी धावत यायचं. सगळ्यांची माया खरी होती. आणि त्या मायेत मी दिवसेंदिवस वाळत चालले होते. सकाळी उठायचं कशासाठी, हेच कळेना.

पुढच्या वर्षी नवऱ्याला नायजेरियातल्या इबादान शहरात नोकरी लागली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी कापड रंगवायची. सगळे तिला 'मामा' म्हणत. तिथे मामा म्हणजे आई, हे माझ्या कानाला रुळायला महिना गेला. नीळ आंबल्याचा उग्र वास गल्लीभर असायचा. मी रोज दारात उभी राहून बघायची. आठवड्याने तिने मला हाताने खूण करून आत बोलावलं, स्टूल पुढे सरकवलं आणि हातात कोंबडीचं पीस दिलं.

ते कापड म्हणजे 'आदिरे एलेको'. कसाव्याच्या पिठाची खळ करायची (कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो), त्यात तुरटी आणि मोरचूद घालायचं, पीस त्यात बुडवून पांढऱ्या कापडावर नक्षी काढायची. वाळलं की नीळीत बुडवायचं, वर काढायचं, हवा लागू द्यायची, पुन्हा बुडवायचं. कुंडातून बाहेर येताना कापड हिरवट असतं आणि डोळ्यांदेखत निळं होतं. शेवटी खळ खरवडून धुतली की झाकलेली नक्षी उजळून येते. इबादानचा स्वतःचा एक नमुना आहे, 'इबादानदुन', म्हणजे 'इबादान गोड आहे'. त्यात तिथल्या मापो हॉलचे खांब असतात. माझे पहिले खांब वाकडे आले. मामाने ते कापड फेकलं नाही, दुसऱ्यांच्या कापडांशेजारी दोरीवर वाळत घातलं आणि म्हणाली, "ए कु इशे."

मला कसला आजार होता हे तिने तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

ओशुन नदीकाठच्या ओशोग्बो गावाला मला तीच घेऊन गेली. ती रविवारी चर्चमध्ये जायची आणि ओशुन नदीचं पाणी बाटलीत भरून घरीही आणायची. दोन्हींत तिला काही विसंगत वाटत नसे. ओशोग्बोची देवराई पंचाहत्तर हेक्टरची आहे. आत मोना जातीची माकडं, तांबडी माती, भरगच्च झाडी, आणि झाडांमधून अचानक समोर येणारी सिमेंटची प्रचंड शिल्पं. गाव वसलं त्याची कथा अशी सांगतात, की पहिल्या लोकांनी जंगल तोडायला घेतलं तेव्हा एक झाड नदीत कोसळलं आणि पाण्याखालून आवाज आला: माझी रंगाची मडकी फुटली! ओशुन देवी स्वतः रंगारीण. मामा ही गोष्ट सांगताना आपल्या निळ्या पडलेल्या बोटांकडे बघायची.

ही देवराई आज उभी आहे त्यामागे एका गुरूचं आणि एका आजारी बाईचं नातं आहे. सुझान वेंगर ही १९१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला जन्मलेली चित्रकार. युद्धात होरपळलेल्या युरोपातून १९५० मध्ये नवऱ्याबरोबर, उल्ली बायरबरोबर, इबादानला आली. त्याची तिथल्या विद्यापीठात नोकरी होती. थोड्याच दिवसांत तिला क्षयाने गाठलं आणि वर्षभराहून जास्त काळ ती त्यात होती. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. तेच शहर, तोच आजार.

त्यातून उठल्यावर तिला एदे गावी ओबाताला देवाचे पुरोहित भेटले, अजागेमो. तिला तेव्हा योरुबा येत नव्हती, त्यांना इंग्रजी येत नव्हती. तरी त्यांनी तिला शिष्य म्हणून घेतलं. ओबाताला हा माणसांची शरीरं मातीतून घडवणारा देव. एकदा ताडी जास्त झाली आणि त्याच्या हातून काही शरीरं वेडीवाकडी घडली, म्हणून अपंग माणसं त्याची खास माणसं मानतात आणि त्याचे भक्त ताडीला शिवत नाहीत. देवाची चूक देवाच्याच पदरात टाकणारी आणि माणसाला मोकळं करणारी अशी कथा मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

अजागेमोंनी शिष्येला बरं केलं म्हणजे काय केलं? मला जे दिसतं ते असं, की त्यांनी तिला एका जबाबदारीत उभं केलं. दीक्षा झाली, ती 'अदुन्नी ओलोरिशा' या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे ओशोग्बोला राहायला गेली तेव्हा देवराईतली देवळं वाळवीने पोखरलेली, झाडं तुटत होती, शिकार चालू होती. आदेबिसी अकांजीसारखे गवंडी आणि बुराइमो गबादामोसीसारखे कारागीर हाताशी धरून ती भिंती बांधत राहिली, मूर्ती घडवत राहिली. लाकूडतोड करणाऱ्यांसमोर उभी राहिली. १९६५ मध्ये देवराईचा काही भाग राष्ट्रीय स्मारक झाला, २००५ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. २००९ च्या जानेवारीत त्याच गावात सुझान वारली, त्र्याण्णव वर्षांची होऊन. क्षयातून उठलेल्या फुप्फुसांनी पन्नासहून जास्त वर्षं काम केलं.

आता त्या जाहिरातीतल्या 'प्रयोजना'बद्दल. योरुबा श्रद्धेत प्रत्येक माणूस जन्माआधी आपलं 'ओरी' निवडतो. ओरी म्हणजे डोकं, आणि डोक्यात बसलेलं भागधेयही. ही डोकी घडवतो आजाला नावाचा कुंभार, आणि तो कर्जबाजारी! सावकार दारात आले की लपून बसतो. त्याच्याकडे कच्ची, तडकलेली डोकीही पडून असतात, वरून सगळी सारखीच दिसतात. तीन मित्र डोकी घ्यायला जातात. दोघे घाईने उचलतात आणि पृथ्वीवर येताना पावसात त्यांची डोकी झिजतात. तिसरा, अफुवापे, आधी कुंभाराचं कर्ज फेडतो, मग कुंभारच त्याला पक्कं डोकं निवडून देतो. हे ऐकताना मला आपले गोरोबाकाका आठवले, हातात थापटणं घेऊन संतांची डोकी ठोकून बघणारे, आणि "हे मडकं कच्चं" ऐकून दुखावलेले नामदेव. दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण डोकं आणि मडकं ही जोडी कुंभाराचं चाक बघणाऱ्या कुणालाही सुचावी अशीच आहे.

पण इफाचा विचार डोक्यापाशी थांबत नाही, आणि जाहिरातवाले नेमकं पुढचं गाळतात. इफाच्या एका पदात सगळी डोकी एकत्र जमतात, मसलत करतात, आणि पायांना बोलवायचं विसरतात. ठरतं खूप, पार पडत काहीच नाही. 'एसे' म्हणजे पाय, म्हणजे चालणं, खटपट. पायांवाचून चांगलं डोकंही जागच्या जागी बसून राहतं.

बाबालावोकडे, म्हणजे इफा जाणणाऱ्या पुरोहिताकडे, प्रश्न घेऊन जाण्याची रीतही मला फार शहाणपणाची वाटते. जुन्या पद्धतीत तुम्ही आपला प्रश्न त्याला सांगत नाही, नाण्याजवळ तोंड नेऊन पुटपुटता. तो सोळा पामबियांनी किंवा साखळीने कौल काढतो. दोनशे छप्पन्न ओदूंपैकी, म्हणजे कौलाच्या आकृत्यांपैकी, जो पडेल त्यातली पदं म्हणत जातो, आणि आपल्याला लागू पडणारं पद कोणतं हे ओळखायचं तुम्ही. ही पदं पाठ करण्यात त्याची वर्षानुवर्षं गेलेली असतात. असा माणूस एकवीस दिवसांचा कोर्स कसा देईल? मग तो एबो सांगतो, अर्पण. त्यात कोंबडं, बकरं असू शकतं. ते मला पटत नाही, मी मामाला तसं सांगितलंही होतं. ती म्हणाली, "तुझ्या ओरीला जे झेपेल ते तू दे." मी नदीला मध वाहिला.

योरुबा मुलांना शाळेत एक म्हण शिकवतात, 'इशे नि ओगुन इशे'. दोन्ही 'इशे' लिहायला सारखे, फरक फक्त सुराचा. पहिल्याचा अर्थ काम, दुसऱ्याचा दारिद्र्य. काम हे दारिद्र्यावरचं औषध. मामाकडे शिकताना मी सूर चुकवायची आणि उलटंच बोलून बसायची, ती शांतपणे पुन्हा म्हणून दाखवायची.

म्हणून माझ्या मैत्रिणीला, आणि आजारातून उठलेल्या माणसाभोवती मायेने गराडा घालून बसलेल्या सगळ्यांना, माझं मनापासून सांगणं आहे: तिला काम द्या. हलकं द्या, तिच्या श्वासाला झेपेल एवढं द्या, पण खरं द्या, जे तिने केलं नाही तर कुणाचं तरी अडेल असं. तिचं कापड दुसऱ्यांच्या कापडांशेजारी वाळत घाला.

मामा २०१९ मध्ये गेली. ओशुन नदी तेव्हापासून आणखी गढूळ झाली आहे. वरच्या अंगाला सोन्यासाठी बेकायदा खोदकाम चालतं, त्याचा गाळ थेट देवराईपर्यंत येतो. ऑगस्टच्या उत्सवात लोक बरं वाटावं म्हणून जे पाणी पितात ते पिऊ नका असं सरकारला सांगावं लागलं आहे. पुढच्या ऑगस्टला जायचं ठरवते आहे. या वेळी बाटलीत पाणी भरून आणणार नाही. मामाच्या सुनेने कुंडं चालू ठेवली आहेत आणि खळ लावायला माणूस कमी पडतं असं तिने कळवलंय. तिला मी येते म्हणून सांगितलं आहे.