विमानातून आलेलं तिकीट आणि मी हरलेली केस

परवा इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने विचारलं, "आय-फाइव्हवर विमानातून पकडलं. लढू की भरून टाकू?" म्हणजे त्या महामार्गावर पोलिसांनी विमानातून गाडीचा वेग मोजला आणि त्याला तिकीट, म्हणजे दंडाची नोटीस मिळाली. खाली सल्ल्यांचा पाऊस. "स्टॉपवॉचवर शंका घे, लगेच सुटशील" हा सगळ्यांत लाडका. मी या वाटेने जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बे एरियातून लॉस एंजेलिसला निघालं की कोलिंगाच्या आसपास काचा बंद असल्या तरी गुरांचा वास आत येतोच. बायको नाकाला रुमाल लावते आणि माझा पाय आपोआप जड होतो. दोनच लेन, उजवीकडे ताशी ५५ मैलांच्या मर्यादेतले ट्रक, आजूबाजूला बदामाच्या बागा. मी आरशात बघत होतो, पुलांच्या आडोशाला बघत होतो. वर बघायचं कुणाला सुचतं? मागे दिवे लागले. अधिकारी सभ्य होता. विमानातून तुमचा वेग ८८ मोजलाय म्हणाला. मर्यादा ७०. मी मान बाहेर काढून वर पाहिलं. निळंशार, रिकामं आभाळ. बायको म्हणाली, "आता देवालाच विचार."

पुण्यातल्या भावाचा पहिला प्रश्न: "मग कितीत मिटवलंस?" मिटवायचं काही नव्हतं रे बाबा. मूळ दंड ७० डॉलर, पण त्यावर अधिभार चढत चढत आकडा साडेतीनशेच्या पुढे जातो. वर लायसन्सवर एक पॉइंट, म्हणजे गुन्ह्याची नोंद, आणि इन्शुरन्सवाल्यांचं फावलं.

आता गंमत ऐका. आपल्याला वाटतं की रस्त्यावर पांढरे पट्टे असतात, वरचा माणूस आपली गाडी एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत जायला किती सेकंद घेते ते मोजतो. बऱ्याच राज्यांत तसंच चालतं. कॅलिफोर्नियात मात्र मोजलेल्या अंतरात गाडीला लागलेल्या वेळावरून वेग काढणं हा वाहन कायद्याच्या कलम ४०८०२ प्रमाणे 'स्पीड ट्रॅप' ठरतो आणि तो पुरावा कोर्टात चालत नाही. म्हणून इथे विमान तुमच्या गाडीच्या बरोबरीने उडतं आणि पट्ट्यांवरून वेळ मोजतात ती विमानाची. विमानातला काटा हवेच्या तुलनेत वेग दाखवतो, वारा असला की जमिनीवरचा वेग वेगळा, म्हणून हा खटाटोप. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हसूच आलं. कायद्याने दार बंद केलं, तर हे खिडकीतून, तेही कायदेशीरपणे.

आणि तो स्टॉपवॉचचा सल्ला? कागद-पेन घ्या. एक मैल अंतर धरा. ८८ च्या वेगाने ४०.९ सेकंद लागतात. बोट अर्धा सेकंद चुकलं तर वेग निघेल ८७. खालच्या दंडाच्या टप्प्यात, म्हणजे ८५ वर यायला जवळजवळ दीड सेकंदाची चूक हवी. रोज हेच काम करणारा माणूस एवढा चुकतो हे न्यायाधीशाला कसं पटवणार? हा मुद्दा घेऊन उभे राहू नका, हसं होईल.

खरा प्रश्न वेगळा. ज्याने वेग मोजला त्याने मला पाहिलं नाही, आणि ज्याने मला थांबवलं त्याने वेग पाहिला नाही. मधे फक्त रेडिओ. वरून दिसणारी पांढरी टोयोटा कॅमरी आणि खाली अडवलेली पांढरी कॅमरी एकच, हे कोण सांगणार? आय-फाइव्हवर पांढऱ्या कॅमऱ्या किती, ते मोजायला विमान लागत नाही. खालचा अधिकारी "मला वरून सांगितलं" म्हणाला तर ती ऐकीव गोष्ट. म्हणून वरचाही कोर्टात यायला हवा.

मी आधी लेखी सुनावणी मागितली. फॉर्म टीआर-२०५, दंडाची पूर्ण रक्कम आधी भरायची. निवेदन शपथेवर असतं, म्हणून "मी सत्तरनेच जात होतो" असं लिहिलं नाही. जात नव्हतो. फक्त हेच प्रश्न लिहिले. हरलो. मग २० दिवसांच्या आत नव्याने सुनावणी मागता येते, ती मागितली.

दोघेही आले. विमानातल्या अधिकाऱ्याकडे त्या दिवशीची नोंदवही होती. मी विचारलं, रेडिओवर बोलताना गाडीवरची नजर हटली का? "नाही." त्या टप्प्यात आणखी पांढऱ्या गाड्या होत्या का? त्याने वहीत पाहिलं. "एक होती, ट्रकच्या मागे, उजव्या लेनमध्ये. तुम्ही डावीकडे होतात." मी डावीकडेच होतो. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्हाला स्वतः काही सांगायचंय का? मी नाही म्हणालो, तो हक्क आहे. निकाल पाच मिनिटांत, माझ्या विरुद्ध. ट्रॅफिक स्कूलची, म्हणजे वाहतुकीचा वर्ग करून तो पॉइंट झाकायची परवानगी तेवढी दिली.

एक सुट्टी गेली, पैसे गेले. बायकोच्या मते शुद्ध येडेपणा. पण आभाळातून कुणीतरी आकडा सांगितला आणि मी मुकाट्याने कार्ड घासलं, हे मला जमलं नसतं. तो माणूस समोर आला, त्याने वही उघडली, मला उत्तर मिळालं. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

ग्रुपवरच्या मित्रा, तुझ्या तिकिटावर कोणाकोणाची नावं आहेत ते आधी बघ. माझं निवेदन हवं असेल तर पाठवतो. हरलेलं आहे, एवढं लक्षात ठेवून माग.