येलोस्टोनच्या वाटेवरचे पायठसे

मुलांकडे अमेरिकेला गेलेले ठाणेकर येलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान बघून येतातच. आमच्या नौपाड्यातल्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात तेच फोटो येतात, गरम पाण्याचे फवारे आणि रस्त्यात उभे असलेले बायसन. ते बघावंच, सुंदर आहे. पण पूर्वेकडून येलोस्टोनला जाणार असाल, तर वायोमिंग राज्यात शेल आणि ग्रेबुल ही दोन चिमुकली गावं लागतात. त्यांच्या मधे १४ नंबरचा हायवे सोडायचा आणि दक्षिणेला कच्च्या रस्त्याने आठेक किलोमीटर आत जायचं. जागेचं नाव रेड गल्च. तिथे डायनासोरच्या पावलांचे ठसे आहेत, उघड्या माळावर, जिथे उमटले तिथेच. यंदा लेक-जावई आणि नातीबरोबर मी ते पाहिले, आणि आल्यापासून भेटेल त्याला सांगतेय.

तिथे तिकीट नाही, दुकान नाही, प्यायचं पाणीही नाही, ते बरोबर न्यावं लागतं. पाऊस पडला असेल तर त्या रस्त्याला जाऊच नये, चिखलात गाडी रुतते. गाडी लावायची जागा, स्वच्छतागृह, लाकडी फळ्यांची पायवाट आणि माहितीचे फलक, एवढीच सोय. आजूबाजूला लालसर टेकड्या, करडी झुडपं आणि सतत वारा. पायवाट संपते तिथे राखाडी चुनखडीचा मोठा सपाट खडक पसरलेला आहे, आणि त्यावर चालायला परवानगी आहे.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि खडकावर नुसते खड्डे-खळगे दिसत होते. म्हणून आम्ही थांबलो, डबे खाल्ले, आणि उन्हं कलायची वाट पाहिली. जाणाऱ्या प्रत्येकाने हे करावं. तिरपं ऊन पडलं की ठशाच्या एका कडेला सावली धरते आणि तीन बोटं उठून दिसतात. एक सापडला की त्याच्या पुढचा कुठे असेल याचा अंदाज येतो, मग तोही सापडतो. बहुतेक ठसे माझ्या पसरलेल्या पंजाच्या आसपासचे, दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्यांचे. माझी नात ठशांच्या एका माळेमागून चालत गेली आणि तिकडून ओरडली, “आजी, हा इथे वळला!” मी पुस्तकातून जे वर्षानुवर्षं शिकवलं, ते तिला पाच मिनिटांत पायांनी कळलं. हाडं सांगतात प्राणी कसा होता. तो कुठून आला, किती लांब ढांग टाकत होता, हे पायठशांवरून कळतं.

हे ठसे सुमारे १६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे, ज्युरासिक काळाच्या मध्यातले. तेव्हा इथे समुद्राचा काठ होता. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला चुनखडीचा ओला गाळ सिमेंटसारखा आळत आला होता, त्यावरून प्राणी चालत गेले. वर बारीक गाळाचा थर बसला, सगळ्याचा खडक झाला, आणि फार उशिरा वारा-पावसाने वरचा थर झिजवून ते उघडे केले. १९९७ मध्ये एरिक क्वेल या भूशास्त्रज्ञाच्या नजरेला ते पडले. तोपर्यंत तज्ज्ञ समजत होते की त्या काळी हा सगळा भाग पाण्याखाली होता. पण पायठसे आहेत म्हणजे चालायला जमीन होती. त्या माळावरच्या ठशांनी नकाशा दुरुस्त करायला लावला!

एक हिशेब मुलांना आवर्जून सांगा. सिनेमातला टी-रेक्स संपला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे टी-रेक्स काळाच्या दृष्टीने या ठशांपेक्षा आपल्याला जवळचा आहे.

भूगोल शिकवणारी असल्याने मला लगेच ठाणं आठवलं. कळव्याहून पारसिकचा डोंगर दिसतो तो बेसाल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास सुरू झालेल्या लाव्हाच्या थरांतला. वितळलेल्या दगडात पाऊल टिकत नाही, त्याला गाळ लागतो. दोन लाव्हांच्या मधे तळी साचली तिथे मात्र जीव टिकले, वरळीच्या टेकडीत बेडकांचे जीवाश्म मिळाले ते असेच. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला लाव्हाखालच्या थरात डायनासोरची अश्मीभूत विष्ठा सापडते. २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले आणि डायनासोरच्या काळात गवत होतं हे जगाला कळलं. केवढी मोठी गोष्ट, आणि ती आपल्या महाराष्ट्रातली! राजस्थानात जैसलमेरजवळ थईयात इथे डायनासोरचे पायठसे नोंदवले गेले आहेत. त्याच जिल्ह्यात सापडलेल्या थारोसॉरस या डायनासोरचं वय रेड गल्चच्या ठशांइतकंच, १६ कोटी ७० लाख.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, अशा जागा जागेवरच राखाव्यात, आणि साधेपणाने राखाव्यात. काचेचा घुमट नको, गुरगुरणारे फायबरचे डायनासोर तर मुळीच नकोत. मुलांना मॉलमध्ये ते भरपूर दिसतात. एक पायवाट, कुणालाही समजेल अशा भाषेतला फलक, जवळच्या गावातला जाणता माणूस पगारावर, आणि पाठीशी कायदा. अमेरिकेत सरकारी जमिनीवरच्या जीवाश्मांसाठी २००९ चा कायदा आहे, पायठसा उचलणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे भूवारशाच्या, म्हणजे असे खडक आणि जीवाश्म जपण्याच्या, विधेयकाचा मसुदा २०२२ मध्ये आला. त्याचा भक्कम कायदा झालेला मला बघायचा आहे, आणि त्यासाठी आपण आपापल्या खासदारांकडे बोललं पाहिजे. खाणीचा किंवा रस्त्याचा एक सुरुंग पुरतो, मग पुन्हा काही शोधता येत नाही.

आपल्याला हे जमणार नाही असं कुणी म्हणालं की मी कोकणातल्या कातळशिल्पांकडे, म्हणजे खडकात कोरलेल्या जुन्या चित्रांकडे, बोट दाखवते. तीही अशीच उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पायाखाली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, ती स्थानिक शोधकांनी आणि गावकऱ्यांनी सडे पालथे घातले म्हणून. ठाण्यातले अर्धे लोक गणपतीला रत्नागिरी-राजापूरला जातात. या वर्षी एक दुपार काढा, उक्षी किंवा कशेळीचा हत्ती मुलांना दाखवा, आणि गावातल्याच माणसाला बरोबर घ्या. पाणी न्या, चपला बाजूला काढा, खडूने रेषा गिरवू नका. आणि शक्यतो चारनंतर जा, तिथेही तिरप्या उन्हातच रेषा नीट दिसतात.