पाऊण भाकरीचा हिशेब

"उलटं करून गुणायचं," एवढं सांगून मी पेपरात डोकं घातलं. भाचा सहावीत, विषय अपूर्णांकांचा भागाकार. सोलापूरचा एप्रिल, पारा 42 वर, पंखा गरम हवाच ढवळतोय. अशा दुपारी याहून जास्त ज्ञान कुणी कुणाला देऊ नये.

"पण मामा, उलटं का?"

तीस वर्षं मी बिनबोभाट उलटं करत आलोय. नोकरीच्या परीक्षेतसुद्धा केलं. का, ते कुणी विचारलं नाही आणि मीही उगाच चौकशी केली नाही. "त्याला गुणाकार व्यस्त म्हणतात," मी म्हणालो. नावानं पोरगं गप्प बसेना.

शेवटी डब्यातून कडक भाकरी काढली. एक भागिले तीन छेद चार, म्हणजे एका भाकरीत पाऊण भाकरी किती वेळा बसते? चार पाव करायला गेलो तर काडकन अकरा तुकडे, जिल्ह्याच्या तालुक्यांएवढे. एक तर हुबेहूब करमाळा. ते शेंगाचटणीबरोबर निकालात काढले आणि बायकोकडून तव्यावरची मऊ भाकरी मागून सुरीनं कापली.

तीन पाव बाजूला. झाली एक पाऊण. उरला एक पाव.

"म्हणजे उत्तर सव्वा," भाचा म्हणाला.

"शाब्बास!" मी म्हणालो.

पुस्तकात मागे उत्तर होतं चार छेद तीन. सव्वा नव्हे, एक पूर्णांक एक तृतीयांश. मी पुस्तकाची छपाई तपासली, मग भाकरीची. आतून वडील म्हणाले, "आमच्या वेळी पाऊणकी पाठ असायची." त्यांना औटकीही येते, साडेतीनचा पाढा, पण "उरलेल्या पावाचं काय करायचं?" विचारल्यावर म्हणाले, "खा."

मी त्या तुकड्याकडे बघत बसलो. भाकरीच्या मापानं तो पाव, कबूल. पण आपण मोजतोय पाऊणच्या मापानं! पाऊणमध्ये पाव तीन, म्हणून हा पाऊणचा तिसरा हिस्सा. भाकरीचे पाव चार, तिघांची एक पाऊण, चार छेद तीन! छेद वर कसा चढतो ते तीस वर्षांनी, ताटात दिसलं. मी अक्षरशः उभा राहिलो. बायकोला सांगितलं, शेजारच्या काकांना जिन्यात गाठून सांगितलं. त्यांना दळण आणायचं होतं.

परत येऊन भाच्याला सगळं दोनदा समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे शेवटी उलटं करूनच गुणायचं ना?"

"हो."

"मग ते तर तुम्ही मगाशीच सांगितलं होतं की ओ."

आणि त्यानं तो तिसरा हिस्सा चटणीत बुडवला.