कोणती मर्यादा ढकलायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे आणि काळजीही आहे. दोन्हींना उत्तर द्यायचं तर ते खालच्या चौकटीत मावलं नसतं, म्हणून वेगळं लिहितोय. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एका दमात करायच्या शर्यतीच्या, कठीण वर्कआउटवर मी लिहिलं होतं, त्यातलं 'मर्यादा ढकलल्याशिवाय ती कुठे आहे हे कळत नाही' हे वाक्य काकांना खटकलं. पंचेचाळीस अंशांच्या नागपुरात पोरांना असलं काही सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, असं ते म्हणतात. धडधाकट माणसं पळता पळता कोसळल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कळमन्याच्या बाजारातला हमाल रोज मर्यादा ओलांडतो, त्याच्या गळ्यात कोणी मेडल घालत नाही. तेव्हा हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत आणि हे वेड नागपूरचं नाहीच. शेवटी खरं दुखणं: त्यांच्या सव्वीस वर्षांच्या भाच्याने हे सगळं वाचून गोव्याच्या हाफ आयर्नमॅनची, म्हणजे लांब पल्ल्याच्या एका ट्रायथलॉनची, तयारी सुरू केली आहे. त्याला थांबवायचं की नाही, ते मीच सांगावं.

हमालाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सगळ्यात टोकदार आहे. भर मे महिन्यात ट्रक खाली करताना त्याला गरगरलं, तरी ट्रक खाली व्हायचाच असतो. माझ्या गटातल्या कोणाला गरगरलं तर तो सायकल कडेला लावतो, सावलीत बसतो आणि घरी जातो. ज्याला मी वर्कआउट म्हणतो त्यात थांबायची मुभा पहिल्या मिनिटापासून असते. हमालाला ती मिळत नाही, आणि त्याबद्दल चीड यायलाच हवी. पण त्याच्यावर लादलेलं ओझं आणि आम्ही हौसेने घेतलेलं ओझं एकाच तागडीत घालून भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. खेळ महाग आहे का? आहे. बरी रोड सायकल लाखाच्या घरात जाते, प्रवेश फी वेगळी. यात वाद नाही.

आता 'कठीण' म्हणजे काय ते बघू. तुमच्या डोळ्यांसमोर उलटी होईस्तोवर पळणारा, डोळ्यांपुढे अंधारी आलेला माणूस असावा. व्हिडिओंमध्ये तेच दाखवतात, त्यामुळे तुमचा दोष नाही. आमचा बुधवार असा असतो: वीस मिनिटं हळूहळू अंग तापवायचं, मग आठ-आठ मिनिटांचे चार रिपीट, म्हणजे जोर लावायचे टप्पे, मध्ये थोडी विश्रांती. वेग असा की दोन-चार शब्द बोलता येतात, पूर्ण वाक्य येत नाही. कसोटी एकच. चौथा रिपीट पहिल्याइतकाच निघाला पाहिजे. पडला, तर पहिला जास्त जोरात मारला गेला.

आठ मिनिटंच का, तर स्टीफन सायलर नावाच्या संशोधकाने नॉर्वेत केलेला एक अभ्यास २०१३ साली छापून आला. हौशी सायकलस्वारांना वेगवेगळे इंटरव्हल, म्हणजे असेच जोराचे टप्पे, करायला दिले होते. एका गटाला चार-चार मिनिटांचे, अगदी जीव काढणारे. एकाला आठ-आठ मिनिटांचे, थोडे कमी तीव्र. एकाला सोळा-सोळा मिनिटांचे. सात आठवड्यांनी एकूण सुधारणा सगळ्यात जास्त दिसली ती आठ मिनिटंवाल्यांत. ज्यांनी सगळ्यात जास्त त्रास काढला त्यांच्यात नाही! हाच सायलर हेही दाखवतो की वरच्या दर्जाचे खेळाडू साधारण ऐंशी टक्के सराव संथ करतात. आमचेही कठीण दिवस आठवड्यात दोन, फार तर तीन. बाकीच्या दिवशी आम्ही इतके हळू असतो की काटोल रोडवर मागून दूधवाला घंटी वाजवत पुढे निघून जातो आणि टपरीवरचा माणूस विचारतो, "काऊन भाऊ, सायकल बिघडली का?" हे सहन करणं पोरांना बुधवारच्या रिपीटपेक्षा जड जातं, हे मी खात्रीने सांगतो.

आणि हे वेड नागपूरचं नाही म्हणता, तर २०१७ साली आपल्या नागपूरच्याच डॉ. अमित समर्थ यांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. जवळपास ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. धापा टाकत पॅडल मारून ते अंतर कापलं जात नाही.

माझं म्हणणं खरं तर इथून सुरू होतं. तुम्ही मर्यादा एकच धरली आहे, ओलांडली की माणूस कोसळतो अशी. शरीरात त्या अनेक आहेत आणि सगळ्या सारख्या वागत नाहीत. दम लागणं, मांड्या पेटणं, 'आता नाही होत' असं वाटणं, ही मर्यादा फार आरडाओरडा करते आणि बरीच आधी करते. शेवटच्या रिपीटला मेलो मेलो म्हणणारा माणूस शेवटच्या मिनिटात वेग वाढवतो, हे मी नेहमी बघतो. ती ढकलता येते, ढकलावी, आणि माझं ते वाक्य हिच्याबद्दल होतं. दुसऱ्या काही मर्यादा मात्र गप्प असतात. पोटरीचा स्नायुबंध, अंगातली उष्णता, रक्तातलं मीठ, हृदयातला न कळलेला दोष. यांच्याकडून इशारा येतो तेव्हा उशीर झालेला असतो. कठीण वर्कआउटचं कौशल्य म्हणजे पहिलीला ढकलताना या बाकीच्यांना धक्का लागू न देणं.

उन्हाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण इथे तुम्ही आणि मी एकाच बाजूला आहोत, फक्त तुम्हाला तसं वाटत नाही. २०२४ च्या मे अखेरीस नागपूरचा ५६ अंशांचा आकडा सगळीकडे फिरला होता. हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष असल्याचं नंतर सांगितलं. पण खरा आकडाही काही कमी नाही, २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश नोंदले गेलेत. यात कष्टाची उष्णता मिळवा. सायकलवर २०० वॉटची ताकद लावणारं शरीर त्याच वेळी ६०० ते ८०० वॉट उष्णता आत तयार करतं, कारण आपली कार्यक्षमता जेमतेम वीस-पंचवीस टक्के. ती बाहेर टाकायला तासाला साधारण एक लिटर घाम उडून जावा लागतो. नुसता यावा लागत नाही, उडावा लागतो.

नागपूरकराला हे समजावायला फार शब्द लागू नयेत. आपला कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि जुलैत तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. शरीराचंही तसंच आहे. मे महिन्यात पहाटे हवा कोरडी असते, घाम कपड्यावर दिसतसुद्धा नाही, म्हणजे तो आपलं काम करून गेलेला असतो. जुलैत पारा कितीतरी खाली असतो, घाम टपटप गळतो, आणि पोरं खूश होतात की बघा काय मेहनत झाली. गळालेला घाम काहीच गार करत नाही. त्यामुळे मला माझ्या गटाची काळजी पावसाळ्यातल्या उकाड्यात जास्त असते. मे महिन्याच्या दुपारी बाहेर पडून कठीण काही करण्याइतका वेडा कोणी नाहीच. उघड्या भट्टीला सगळेच घाबरतात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, तर आमचे रिपीट घरात, सायकल जागीच फिरवायच्या ट्रेनरवर, समोर कूलर लावून होतात.

उन्हाची सवय लावता येते, पण ती वेगळी लावायची. दहा ते चौदा दिवस, रोज तासभर, अगदी संथ. तेवढ्यात रक्तातलं द्रव वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि त्याच वेगाला हार्ट रेट खाली येतो. सोडलं की काही आठवड्यांत ही सवय जाते. नियम एवढाच की वेग आणि ऊन एका दिवशी दोन्ही ढकलायचे नाहीत. गोव्याला जाणाऱ्या नागपूरकराची गल्लत इथेच होते. तिथला उकाडा दमट आहे. १.९ किलोमीटर समुद्रात पोहून आणि ९० किलोमीटर सायकल मारून उतरल्यावर २१.१ किलोमीटर पळायचे असतात, तेही ऊन चढलेलं असताना. नागपूरच्या डिसेंबरातल्या पहाटेचा पेस तिथे धरला तर माणूस आतून शिजतो. एकूण वेळ साडेआठ तासांची असते, हळू पळायला भरपूर जागा आहे.

आणि हे घरातल्या सगळ्यांनी वाचावं. ऊन लागलेल्या माणसाचं अंग कोरडंच पडतं असं आपण लहानपणापासून ऐकलं आहे. व्यायाम करताना उष्माघात झालेला माणूस घामाने निथळत असू शकतो. बघायचं ते डोकं: चिडचिड, असंबद्ध बोलणं, झोकांड्या. आतलं तापमान चाळीसच्या वर गेलेलं असतं. आधी गार करायचं, मग हलवायचं. बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवणं सगळ्यात चांगलं. ते नसेल तर मिळेल ते गार पाणी अंगावर ओतत राहायचं, वारा घालायचा आणि तोवर अॅम्ब्युलन्स बोलवायची. खिशातला कांदा इथे कामाचा नाही. माझी आजी ऐकत नाही ना, म्हणून धीर करून लिहिलं. पाण्याचंही तसंच. तहान नसताना बाटल्यांमागून बाटल्या रिचवणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम इतकं पातळ होऊ शकतं की जीवावर बेतावं. शर्यतीत हे बहुधा मागे रेंगाळणाऱ्यांना होतं, कारण प्यायला वेळ त्यांच्याकडे असतो.

हृदयाबद्दल तुमची भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी बसली आहे. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमध्ये १९८५ ते २०१६ दरम्यान झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना गोळा करून २०१७ साली एक मोठा अभ्यास छापला गेला. एकूण १३५ घटना, त्यातल्या ९० पोहताना. प्रमाण लाखात दोनहूनही कमी, पण वयस्क पुरुषांत ते झपाट्याने चढतं. शवविच्छेदन झालेल्यांपैकी बऱ्याच जणांत आधी न कळलेला हृदयविकार होता. म्हणजे तुम्ही ज्या धावण्याला घाबरता त्यापेक्षा मला सुरुवातीचं पाणी जास्त घाबरवतं: गर्दी, लाटा, लाथा, आणि अंग न तापवता एकदम सुटलेला वेग. वर्षानुवर्षं भरपूर लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्या पुरुषांत हृदयाची लय बिघडण्याचा एक प्रकार जास्त आढळतो, हेही खरं आहे; आमच्या जमातीत ते सांगायला लोक कचरतात. चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही मी डॉक्टरांना भेटल्याशिवाय गटात घेत नाही. व्यायामात छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर त्या दिवसापासून सराव बंद, तपासणी होईपर्यंत. अंगात ताप असताना तर हलकासुद्धा व्यायाम नाही, कारण विषाणूची सूज कधी कधी हृदयाच्या स्नायूपर्यंत गेलेली असते. डेंग्यूच्या दिवसांत हे नागपुरात वारंवार सांगावं लागतं, आणि तरी कोणीतरी गोळी खाऊन येतोच.

आता भाचा. त्याला थांबवू नका. थांबवलंत तर तो चोरून करेल, आणि चोरून करणारा नेहमी जास्त करतो. त्याला आधी ईसीजी काढायला लावा आणि घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं होतं का, ते तुम्ही स्वतः आठवून डॉक्टरांना सांगा. ही माहिती त्याच्यापेक्षा तुमच्याकडे जास्त असणार. मग त्याला विचारा की त्याचा सगळ्यात सोपा दिवस कसा असतो. 'सोपा दिवस नसतोच' असं उत्तर आलं तर काळजी करायची. सव्विसाव्या वर्षी दम दोन महिन्यांत तयार होतो, टाचेच्या वरचा स्नायुबंध मात्र कितीतरी महिने मागे असतो, आणि पोरं नेमकी या फटीत लंगडतात. सायकलवरून उतरून लगेच पळायचा सराव, ज्याला आम्ही ब्रिक म्हणतो, तो आत्ता पंधरा मिनिटांपुरता ठेवायला सांगा.

पोहणं पूलमध्येच. अंबाझरी असो, खिंडसी असो, सोबत नाव आणि पोहता येणारी माणसं असल्याशिवाय कुठल्याही तलावात उतरायचं नाही, हे त्याला माझ्या नावाने दरडावून सांगा. समुद्राचा सराव गोव्यात काही दिवस आधी पोचून करता येतो. सायकल पहाटे, मागे लाल दिवा लावून, आउटर रिंग रोडवर ट्रक सुरू व्हायच्या आत घरी. समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे, तरी विचारणारे विचारतातच, म्हणून हेही लिहून टाकतो.

त्याचा पुढच्या महिन्याचा सराव कागदावर उतरवून मला पाठवा, मी लाल पेनाने खोडून परत देतो. बहुतेक मधला गुरुवार आधी कापावा लागेल.